‘फक्त नाव बदला’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“व्हिडिओ मोबाइलवर चालत नाही? दुकानदाराला पैसे देऊ नका! हे पाच उपाय करा आणि सर्वांना पाठवा.” असा मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. एरवी अशा गोष्टींवर मी वेळ घालवत नाही. पण कोल्हापूरच्या ताईने तो नुसता वाचला नाही, अमलात आणला. भाच्याच्या मुंजीचं चित्रण दाजींच्या जुन्या हँडीकॅममध्ये होतं. ताईने कार्ड लॅपटॉपला लावलं आणि थेट कार्डातच सगळ्या एमटीएस फाइलींची नावं एमपी४ करून टाकली. फोनवर मातृभोजन दिसतंय, पण आवाज नाही. कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं तर कॅमेरा म्हणतो, यात चित्रणच नाही. तेव्हा आता बोलणं भाग आहे.

उपाय पहिला: “नावाच्या शेवटचं एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस खोडून एमपी४ लिहा, फाइल लगेच बदलते.” नाही बदलत. आतला एक बाइटही हलत नाही. एमपी४, एमकेव्ही, एमटीएस ही कंटेनरची नावं आहेत, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र कसे बांधलेत ते. आतलं चित्र एच.२६४, एच.२६५, व्हीपी९ अशा कुठल्या तरी कोडेकने, म्हणजे फाइल लहान करायच्या पद्धतीने, दाबलेलं असतं. आवाज एएसी, एमपी३, एसी-३ अशा वेगळ्या कोडेकने. कंटेनर, चित्र, आवाज, तिन्ही फोनला कळले तरच व्हिडिओ नीट चालतो. शिवाय चांगले प्लेअर नावावर विसंबतच नाहीत, फाइलचे पहिले काही बाइट वाचून ती कसली आहे ते ओळखतात. त्यांना नाव बदलून फसवता येत नाही, आणि फसवायची गरजही नसते.

मग ताईला चित्र दिसलं ते कसं? हँडीकॅमच्या एमटीएस फाइली एव्हीसीएचडी पद्धतीच्या असतात. सोनी आणि पॅनासॉनिकने ती २००६ मध्ये आणली. त्यातलं चित्र एच.२६४, जे आज कुठलाही फोन दाखवतो. आवाज मात्र बहुतेक वेळा डॉल्बीचा एसी-३. आता गूगलने अँड्रॉइडच्या विकासकांसाठी ठेवलेली अधिकृत फॉरमॅट-यादी उघडून बघा. एच.२६४च्या रकान्यात एमपीईजी-टीएस हा कंटेनर आहे, आणि त्याच्यापुढे स्पष्ट अट आहे: आवाज फक्त एएसी, आणि व्हिडिओ पुढे-मागे सरकवता येणार नाही. एमटीएस त्याच टीएसच्या घराण्यातला. म्हणजे ताईच्या फोनने जे केलं ते यादीबरहुकूम केलं. एखाद्या कंपनीने डॉल्बीची सोय दिली असेल तर तिच्या फोनवर आवाज येईलही, पण ते श्रेय नाव बदलण्याचं नव्हे.

एवढं मान्य करतो की नाव बदलल्यावर कधीकधी आधी न दिसणारी फाइल गॅलरीत दिसू लागते. गॅलरीची यादी नावाच्या शेवटावरून बनते म्हणून. बस, एवढंच. या अर्धवट खरेपणावरच हा फॉरवर्ड जगतोय.

आणि कार्डातच नावं बदलणं हा तर कहर. कॅमेरा कार्डावर स्वतःची नोंद ठेवतो. त्यात ००००० पासून क्रमांक दिलेल्या एमटीएस फाइली त्याच नावाने असायला लागतात. नाव बदललं की त्याच्या लेखी चित्रण हरवलं. चित्रण जागेवरच असतं, म्हणून घाबरू नका: तेच क्रमांक आणि तेच एमटीएस परत लिहा, आणि कॅमेऱ्याने कार्ड फॉरमॅट करू का विचारलं तर मुळीच हो म्हणू नका. मग कार्डातलं सगळं, फोल्डरांसकट, लॅपटॉपवर उतरवा आणि त्या प्रतीवर काम करा. एव्हीडीमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्र ‘कॉपी’, आवाज ‘एएसी’, कंटेनर ‘एमपी४’ निवडा. चित्राला धक्का लागत नाही, फक्त आवाज बदलतो, म्हणून काम झटकन होतं. हलणाऱ्या हातांभोवती कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर चित्रण इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक रेघा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या आहेत. मग हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करून, म्हणजे त्या रेघा काढून, घ्यावं लागेल. त्याला वेळ लागतो, आणि त्याला इलाज नाही.

उपाय दुसरा: “खालच्या लिंकवरून कोडेक पॅकची एपीके टाका.” एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल. हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. लग्नपत्रिकेच्या आणि ई-चलानच्या नावाने एपीके पाठवून लोकांची बँकखाती साफ करण्याचे प्रकार घडून गेलेत, आणि आपण तीच सवय घरातल्यांना लावतोय! फोनमधलं कोडेक अशा पॅकने सुधारत नाही. ज्याला सगळं चालवणारा प्लेअर हवाय त्याने व्हीएलसी घ्यावा, प्ले स्टोअरवरूनच. तो स्वतःचे कोडेक सोबत घेऊन येतो. ताईच्या फाइलींचा आवाज त्यात मूळ नावानेही आला असता.

उपाय तिसरा, जो उपाय कमी आणि आरोप जास्त आहे: “कंपन्या मुद्दाम अडवतात, फोन बदला.” थोडं तथ्य आहे, नाइलाजाने म्हणतो. एच.२६५ला पेटंटचे पैसे लागतात. विंडोजवर त्याची जोडणी मायक्रोसॉफ्ट वेगळी विकतं. पण त्यासाठी फोन कशाला बदलायचा? आयफोनचं चित्रण दुसरीकडे चालत नसेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचं चित्रण एच.२६४ मध्ये होईल. आधीचं आहे तसंच राहील.

चौथा: “मोठा व्हिडिओ कार्डात जात नाही म्हणजे कार्ड बनावट.” बनावट कार्डं असतात, खरं आहे. पण अडतंय ते नेमकं ४ जीबीवर असेल तर कार्ड फॅट३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीचं आहे, त्यात याहून मोठी फाइल मावतच नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा आणि कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

पाचवा: “व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, कुठेही चालेल, मग मूळ फाइल डिलीट करा.” पहिला अर्धा भाग बऱ्याचदा लागू पडतो, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ नव्याने दाबून एमपी४ करतं. पण त्यात चित्राचा दर्जा घसरतो, आणि मूळ फाइल उडवली की तो परत मिळत नाही. जसंच्या तसं पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, २ जीबीपर्यंत जातं. अर्थात मग समोरच्याच्या फोनला तो फॉरमॅट कळायला हवा.