ब्याऐंशी

आज सकाळी ट्रेकच्या ग्रुपवर एक फोटो आला. बर्फात रोवलेला त्रिशूळ, त्रिशूळाशेजारी मी, गळ्याभोवतीचा बफ नाकापर्यंत ओढलेला, डोळे नेमके मिटलेले. खाली काकांनी टाकलेली ओळ: ‘आपल्या ब्याऐंशीताई शिखरावर! जिद्दीला सलाम!’ त्याखाली अख्ख्या ग्रुपचे जोडलेले हात, टाळ्या आणि एक रडका चेहरा. रडका चेहरा कुणी आणि का टाकला, ते विचारायची माझी हिंमत नाही. माझं खरं नाव त्या ग्रुपवर एकालाही आठवत नसावं, एवढं मात्र कळलं.

केदारकंठा हे उत्तराखंडातलं साधारण 12,500 फुटांचं शिखर. हिमालयात पहिल्यांदाच जाणाऱ्याला जो तो हेच सुचवतो, आणि त्यात काही खोटं नाही. डेहराडूनहून दिवसभर गाडीत आतडी घुसळून घेतली की सांक्री येतं. तिथून देवदार-बांजच्या जंगलातून जुडा का तालाब, मग बेस कॅम्प, मग अंधारात उठून वर आणि उन्हं चढेपर्यंत परत खाली. दोर लावून चढायचे कडे नाहीत. पायाला माइक्रोस्पाइकचे लोखंडी दात चढवले की बर्फही फारसा छळत नाही. चालण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार बोटाबद्दल आहे.

रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत ट्रेक लीडर वही उघडायचा. आपण पुढे व्हायचं, बोट द्यायचं, तो ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, कारण लिहून घेणारा मुलगा तंबूच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असायचा. तो जवळ येऊन का बसत नव्हता? कारण शेगडी तिकडे होती. म्हणजे त्याला ऊब मिळावी म्हणून माझ्या रक्तातला प्राणवायू चारचौघांत पुकारला जात होता.

पहिल्या मुक्कामाला माझा 88 आला. कुणी काही बोललं नाही. त्या उंचीला नव्वदीच्या आतबाहेरचे आकडे सर्रास दिसतात. दुसऱ्या मुक्कामी, बेस कॅम्पला, सुमारे 11,000 फुटांवर, मी जेवून ताट धुऊन आले. आपलं ताट आपणच धुवायचं हा नियम आणि पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ. बोटं माझी आहेत की शेजारणीची, हेही कळत नव्हतं. तशीच आत आले, बोट दिलं.

‘एटी टू!’

शेगडीपाशी पेन थांबलं. सूप ओतणाऱ्याचा हात थांबला. आणि काका उठले.

काका कुणाचे काका होते ते कुणालाच माहीत नव्हतं. साठी उलटलेली, कानटोपीवर दुसरी कानटोपी, त्या संध्याकाळचा स्वतःचा आकडा 94, आदल्या संध्याकाळचा 96. हे मी लक्षात ठेवलेलं नाही. हे आम्हा सगळ्यांना पाठ झालेलं होतं.

‘किती म्हणाले?’

‘ब्याऐंशी.’

‘अरे बाप रे.’ मग तंबूच्या कोपऱ्याकडे वळून, ‘अगं, ऐकलंस का? ब्याऐंशी!’

काकू जेवणाच्या तंबूतसुद्धा स्लीपिंग बॅग पांघरून बसायच्या. आतून आवाज आला, ‘ऐकलं. सगळ्या डोंगराने ऐकलं.’

‘नेलपॉलिश लावलंय?’ काकांनी मला विचारलं.

‘नाही.’

‘मेंदी?’

‘नाही हो.’

‘सिगारेट?’

‘काका!’

‘नाही, विचारावं लागतं. लाजून चालत नाही.’

मग त्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून रुमालाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीतून स्वतःचा ऑक्सिमीटर. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, दुप्पट पैसे मोजून घेतलेला. ‘अख्ख्या सोसायटीत रोज दोनदा फिरायचो मी. एकही माणूस सुटला नाही.’

‘सुटला नाही म्हणजे?’

‘मोजायचा सुटला नाही.’

हे म्हणत त्यांनी माझा डावा हात ताब्यात घेतला आणि मंडईत भेंडी निवडतात तशी एकेक बोट चाचपून पाहायला सुरुवात केली. अंगठा 81. तर्जनी 84. मधलं बोट 79, त्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. अनामिका 83. करंगळी 86.

‘करंगळी चांगली आहे तुमची,’ ते म्हणाले. ‘बाकीच्यांवर मेहनत घ्यायला हवी.’

‘काका, हात गार पडलेत माझे. आत्ता ताट धुतलंय.’

‘ताट मीही धुतलंय.’

‘यांचं ताट मी धुतलंय,’ स्लीपिंग बॅग म्हणाली.

ह्या यंत्रात तसं गूढ काही नाही. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतात, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजतात, आणि नाडीच्या ठोक्यासरशी त्यात जो फरक पडतो त्यावरून रक्तात प्राणवायू किती ते काढतात. थंडीने बोटातल्या रक्तवाहिन्या आक्रसल्या की ठोकाच धड सापडत नाही, मग यंत्र मनाला येईल ते सांगतं. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी अभियंत्याने 1974 मध्ये ही युक्ती मांडली. गंमत म्हणजे त्याला मोजायचं होतं वेगळंच: हृदय किती रक्त ढकलतं ते. नाडीचे ठोके त्या मोजमापात सारखे लुडबुडत होते आणि ती लुडबूड निस्तरता निस्तरता त्याला हे सापडलं. त्या भल्या माणसाबद्दल माझ्या मनात काही नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये तो गेला, म्हणजे आपलं यंत्र घेऊन लोक सोसायट्यांमधून दारोदार फिरणार आहेत हे त्याला बघावं लागलं नाही.

मी गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले, बोटांना मुंग्या येईपर्यंत. मग स्वतःहून बोट पुढे केलं. 90.

‘बघा!’

काकांनी मान हलवली. ‘हे तापवलेलं आहे. हे धरता येणार नाही.’

आणि लीडरने खरंच धरलं नाही. वहीत 82 गेला होता, त्यावर खाडाखोड चालत नाही म्हणे. माझं डोकं दुखत नव्हतं, मळमळत नव्हतं, मी पोटभर जेवून वर खीर मागून घेतली होती. ह्यातलं काहीही मला कुणी विचारलं नाही. वास्तविक विरळ हवेचा त्रास ओळखायला डॉक्टर जो लेक लुईस स्कोअर वापरतात, त्यात डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मरणं, थकवा आणि चक्कर एवढंच विचारतात. पूर्वी झोपेचंही विचारायचे, 2018 मध्ये तो प्रश्न काढून टाकला, कारण उंचावर झोप तशीही कुणाला धड लागत नाही. ऑक्सिमीटरचा आकडा त्यात नाही. आकडा बघूच नये असं मी म्हणत नाही. फुप्फुसात पाणी भरायला लागलं तर तो धाडकन खाली येतो आणि त्याच्यामुळे माणूस वाचूही शकतो. पण आकडा बघून झाल्यावर माणसाकडेही बघायला काय जातं?

आमच्यात एक कॉलेजातला पोरगा होता, त्याचा 93. काकांचा लाडका. ‘हा बघा, तरुण रक्त!’ त्या पोराने सूप बाजूला सारलं होतं, पोळीला हात लावला नव्हता, दोन्ही कानशिलं दाबून बसला होता. मी त्याला विचारलं तर म्हणाला, ‘नाही ताई, माझा 93 आहे.’ रात्री तो तंबूच्या दारात भडाभडा ओकला. उजाडायच्या आधीच त्याला एका गाइडबरोबर खाली धाडलं. खाली उतरवणं हाच खरा इलाज, तो झाला, खाली गेल्यावर पोराला बरंही वाटलं. पण ओकेपर्यंत त्याच्या वहीतल्या रकान्यात सगळं उत्तम होतं, आणि विरळ हवेवर उतारा समजल्या जाणाऱ्या लसणाच्या सूपची वाढीव वाटी माझ्यापुढे येत होती. त्या रात्री मला किती लसूण पाजला गेला त्याचा मात्र कुणी हिशेब ठेवला नाही.

पहाटे तीनला निघालो. अशक्तांनी गाइडच्या मागे पहिल्या नंबरला चालायचं असतं, म्हणजे सगळे त्यांच्या चालीने चालतात. पहिल्या नंबरला मी. माझी पाठपिशवी आधीच त्या गाइडच्या खांद्यावर गेली होती. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, पायात साधे गमबूट, मी पिशवी ओढतेय आणि तो हसत म्हणतोय, ‘दीदी, लीडर ने बोला है.’ पुढे दुसरे ग्रुप, त्यांच्यापुढे तिसरे, शनिवार-रविवारची गर्दी, सगळ्यांच्या डोक्यावर दिवे. अरुंद जागी रांग तुंबली की सगळेच उभे. थांबलं रे थांबलं की मागून काकांचा आवाज यायचा, ‘ब्याऐंशींसाठी थांबलोय! घाई नाही! सावकाश!’ कुणाचा तरी स्पाइक निसटला, ब्याऐंशींसाठी थांबलोय. पुढच्या ग्रुपमधल्या मुली सेल्फी काढतायत, ब्याऐंशींसाठी थांबलोय. एकदा तर ते स्वतः लघवीला गेले होते. परत आल्यावर तेच.

शेवटची चढण अंगावर येते, हे कबूल. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात माल कमी आणि मेहनत तेवढीच. तिथे सगळेच धापा टाकतात. माझ्या धापेकडे मात्र वळून बघितलं जातं.

सांक्रीकडे सांगतात की शंकर आधी इथेच ध्यानाला बसणार होते, पण गुरांच्या गळ्यातल्या घंटांनी वैतागले आणि उठून केदारनाथला गेले. कारण पटण्यासारखं आहे. मी पोचले तेव्हा माथ्यावर दोन ब्लूटूथ स्पीकर चालू होते, दोन्हींवर वेगळी गाणी. त्रिशूळापाशी फोटोसाठी रांग, आणि रांगेत घुसणाऱ्याशी भांडण. खाली जुडा का तालाबच्या काठाला बर्फातून बिस्किटांची वेष्टनं डोकावत होती, तीही याच लोकांची. नुसत्या घंटांना वैतागलेल्या देवाला आता केदारनाथही पुरत असेल का, कोण जाणे.

तरी सूर्य आला. स्वर्गारोहिणीच्या टोकावर आधी गुलाबी, मग एकदम पिवळा, बंदरपूंछ आणि काळा नाग मागोमाग. मी काही बोलले नाही. बोलले असते तर शब्द धड उमटतायत की नाही ते तपासलं गेलं असतं.

काकांनी हातमोजा काढला. ‘एक्क्याण्णव! साडेबारा हजार फुटांवर एक्क्याण्णव!’ दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग ते माझ्याकडे वळले, पुरचुंडी उघडीच होती.

‘ताई, बोट.’

‘नाही.’

‘एक मिनिट लागेल.’

‘बोट देणार नाही.’

‘अहो, सुधारला असेल!’

मी दोन्ही हात काखेत घालून उभी राहिले. त्यामुळे काकांच्या दफ्तरी माझा शेवटचा अधिकृत आकडा तोच राहिला, आणि सकाळच्या फोटोखाली तोच आला.

सांक्रीला उतरल्यावर प्रमाणपत्रं वाटली, मग अभिप्रायाचा फॉर्म. जेवण कसं, तंबू कसे, ट्रेक किती सोपा, सगळ्याला 5 पैकी गुण. काकूंनी गुणांचे सगळे रकाने कोरे सोडले आणि शेवटी ‘सूचना’ होती तिथे ठळक अक्षरांत लिहिलं: ‘ट्रेकला पुरुषांना यंत्रं आणू देऊ नयेत.’

काकांनी मागून वाकून वाचलं. मनापासून मान डोलावली.

‘बरोबर लिहिलंस. तो स्पीकरवाला मुलगा फारच त्रास देत होता.’