त्या ड्रायव्हरला आता तरी सोडा

आज दुपारी भाच्याने एक रील पाठवलं. बोस्नियातलं सारायेव्हो, 28 जून 1914. ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या मोटारीचा ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळतो, समोर नेमका प्रिन्सिप हा सर्ब तरुण उभा, दोन गोळ्या, आणि पडद्यावर लाल अक्षरं : 'एका चुकीच्या वळणामुळे पहिलं महायुद्ध!' खाली बदामांचा पाऊस. भाचा दहावीत आहे. "मावशी, कसलं भारी ना?" असं विचारतोय. त्याच्यावर मी चिडलेले नाही. रील करणाऱ्यावर चिडले आहे. रात्रीची जेवणं झाली तरी राग उतरलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी त्या ड्रायव्हरचं बोलू. त्या दिवशी सकाळीच ताफ्यावर बॉम्ब पडला होता. त्यानंतर मार्ग बदलायचं ठरलं, आणि ते त्या माणसाला कुणी सांगितलंच नाही. तो आधी ठरलेल्या रस्त्यानेच वळला. आणि शंभरहून जास्त वर्षं आपण एक कोटी सैनिकांचं मरण त्याच्या माथी मारतोय.

शाळेत 'मूलभूत कारणे' आणि 'तात्कालिक कारण' असं लिहायला लागायचं. तात्कालिक सगळ्यांना पाठ. मूलभूतमध्ये राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार असे चार शब्द खरडले की मार्क मिळायचे. त्या शब्दांमागे खुर्चीत बसून सह्या करणारी माणसं होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बर्लिन, 1884-85. जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्क याने बोलावलेली परिषद. आफ्रिका कुणी कशी घ्यायची याचे नियम ठरले आणि त्या खोलीत आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. पुढे मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी आधी 1905 मध्ये आणि मग 1911 मध्ये भांडले. जर्मनीने अगादिरला युद्धनौका आणून उभी केली. तडजोड काय झाली? मोरोक्को फ्रान्सला, त्या बदल्यात फ्रेंच काँगोचा मोठा तुकडा जर्मनीला. मोरोक्को फ्रान्सच्या घशात जातोय हे बघून त्याच वर्षी इटलीने तुर्कांच्या लिबियावर हल्ला केला. विमानातून बॉम्ब टाकायला जगाने तिथेच सुरुवात केली. तुर्क दुबळे झालेत हे दिसल्यावर 1912 मध्ये बाल्कन देश त्यांच्यावर तुटून पडले, सर्बिया जवळजवळ दुप्पट झाला, आणि ऑस्ट्रियाच्या पोटात गोळा आला. कारण बोस्निया त्यांनी 1908 मध्येच गिळला होता आणि तिथले सर्ब आता शेजारच्या मोठ्या सर्बियाकडे बघत होते. त्या गल्लीत प्रिन्सिप पोहोचला तो असा. ही वळणं दाखवा ना रीलमध्ये.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते.

आमच्या साताऱ्याकडच्या घरात लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधला की त्यावर ब्राँझची एक जड, वाटोळी चकती ठेवलेली असायची. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते, 'बसऱ्याच्या लढाईला' गेले आणि आले नाहीत. लढाई संपल्यावर केव्हातरी, ब्रिटिश सरकारने मेलेल्यांच्या घरी पाठवली तशी, ती चकती घरी आली. ती येईपर्यंत त्यांच्या बायकोने कुंकू पुसलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. दिवाळीला ती चिंचेने चकती घासायची, बाकी वर्षभर लोणच्यावर. हे सगळं मला आजीने सांगितलं. मी इंग्रजी वाचायला लागल्यावर आजीने ती माझ्यापुढे धरली. एक बाई, एक सिंह, पणजोबांच्या भावाचं नाव, आणि कडेने लिहिलेलं की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. आजी म्हणाली, "कुठं गेला ते लिवलंय का?" नव्हतं लिहिलं.

आता जुलै 1914 बघा. खून झाला 28 जूनला. युद्ध 28 जुलैला. मधला महिनाभर काय ड्रायव्हर गाडी चालवत होता? 5 जुलैला जर्मनीच्या सम्राटाने, कैसरने, ऑस्ट्रियाला सांगितलं, काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. 23 जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला, उत्तराला 48 तास. सर्बियाने जवळपास सगळं मान्य केलं. ते उत्तर वाचून खुद्द कैसरने लिहून ठेवलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं! ज्या युवराजाच्या नावाने हे चाललं होतं, त्याला स्वतःला सर्बियाशी युद्ध नको होतं. ऑस्ट्रियाचा सेनापती कॉनराड याला मात्र ते कधीचं हवं होतं, खुनाच्या आधीपासून तो मागतच होता.

हो, सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख त्या कटात होता आणि रशियाने सगळ्या सैन्याची जमवाजमव जर्मनीच्या आधी केली. मान्य. पण थांबायचं म्हटलं असतं तर यातला प्रत्येक जण थांबू शकत होता. 1 ऑगस्टला कैसरला ऐनवेळी वाटलं की फौज फक्त रशियाकडे वळवावी. जर्मन सेनापती मोल्टके म्हणाला, जमणार नाही, गाड्या ठरल्यात. बेल्जियमने कुणाचं काय वाकडं केलं होतं? 4 ऑगस्टला त्यांच्या घरात जर्मन सैन्य घुसलं, कारण योजनेत पॅरिसचा रस्ता तिकडून होता.

आणि ज्यांनी थांबा म्हटलं त्यांचं काय झालं? इथे मला राग येत नाही, नुसतं भरून येतं. झाँ झोरेस. फ्रान्सचा समाजवादी नेता. शेवटच्या दिवसापर्यंत युद्ध टाळायला धडपडत होता. 31 जुलैला रात्री पॅरिसच्या एका कॅफेत जेवत असताना खिडकीतून गोळी घातली, 'देशभक्त' तरुणाने. 1919 मध्ये ज्युरीने त्या खुन्याला निर्दोष सोडलं. खटल्याचा खर्च झोरेसच्या बायकोवर बसवला. सारायेव्होच्या गोळीची रील हजार, या गोळीची एकही माझ्यासमोर आलेली नाही. जर्मनीत समाजवाद्यांनी 4 ऑगस्टला युद्धखर्चाला मत दिलं. कालपर्यंत जगातले कामगार एक म्हणणारे, एका रात्रीत जर्मन आणि फ्रेंच झाले.

राष्ट्रवादाशिवाय आपण स्वतंत्र झालो नसतो, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये लिहायची गरज नाही.

पण आपल्याला कुणी विचारलं होतं? व्हाइसरॉय हार्डिंजने जाहीर करून टाकलं की हिंदुस्थान युद्धात आहे. एका हिंदी माणसाचं मत घेतलं नाही. दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. पणजोबांचे भाऊ सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. बगदाद घ्यायला निघालेली ती फौज जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कांनी मागे रेटली आणि ती कूट शहरात वेढ्यात अडकली. घोड्याचं मांस खावं की उपाशी राहावं अशी वेळ आली, आपल्या कित्येकांनी उपास पत्करला. 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. त्याला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि सीरियातल्या रस-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं.

कुठली रेल्वे? बर्लिन-बगदाद. जी जर्मनीला हवी होती, जिच्यामुळे युद्धाआधी लंडनमध्ये वर्षानुवर्षं जळफळाट चालला होता, तीच. गावात परत आलेल्या एका शिपायाने आजीच्या सासऱ्यांना एवढंच सांगितलं होतं : "रुळाच्या कामावर गेला." ती रेल्वे कुठली हे मला फार पुढे पुस्तकं चाळताना कळलं, तेव्हा आजी नव्हती. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि द्यायला माणूस नव्हतं. लिहितानासुद्धा हात थरथरतोय.

म्हणून मला 'एका वळणामुळे' ऐकवत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. माणसाचा आकडा त्यांनी केला, युद्धाचा अपघात आपण करायचा का?

भाच्याला उद्या घरी बोलावलंय. चकती आता माझ्याकडे आहे, ती हातात देऊन सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, बर्लिनच्या परिषदेपासून.

आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या मित्रमंडळींनो, जुन्या घरात तळहाताएवढी अशी ब्राँझची चकती असेल तर मोडीत घालू नका. तिच्यावर हुद्दा आणि पलटण नसते, पण नाव असतं, आणि युद्धकबरींच्या नोंदी आता ऑनलाइन शोधता येतात. मला फोटो पाठवा, सोबत गावाचं नाव आणि घरात काय ऐकलंय तेही लिहा. शोधायला मी मदत करते.