म्हणे उतार!

"कॉम्रेड्स शर्यत खरंच एवढी भारी असते का हो?" हा प्रश्न आमच्या रनिंग ग्रुपात दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं, उतार तेवढा सोडून.

दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये नव्वदेक किलोमीटरचा रस्ता आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने 1921 मध्ये त्यावर ही शर्यत सुरू केली. तेव्हा 34 जण धावले होते, आता हजारोंनी धावतात. साधारण एका वर्षी चढाची, पुढच्या वर्षी उताराची. आम्ही हिशेबी लोक, उताराचं वर्ष धरलं.

सुरुवात पहाटेच्या अंधारात, पीटरमारित्झबर्गच्या सिटी हॉलसमोर. याच गावच्या स्टेशनावर 1893 मध्ये गांधीजींना ढकलून गाडीतून उतरवलं होतं. आम्ही मात्र पदरमोड करून, राजीखुशीने पायी निघालो होतो. राष्ट्रगीत झालं, खाणकामगारांचं गाणं झालं, कोंबडा आरवला (रेकॉर्डवरचा; खरा एवढ्या लवकर कशाला उठेल?) आणि बंदूक उडाली.

गाव समुद्रसपाटीपासून सहाशेक मीटर उंच, डरबन समुद्रकाठी. म्हणजे घसरगुंडी, असा आमचा समज. प्रत्यक्षात मधे हजारेक मीटरचा चढही पेरून ठेवलेला! इनचांगाची टेकडी आली, तेव्हा बोपदेव घाटातला सगळा सराव आठवला आणि काही उपयोगी पडला नाही. बरं, चढावर चालता तरी येतं. खरा छळ साठ किलोमीटरनंतरच्या फील्ड्स हिलवर. ती सरळ खाली उतरते आणि मांड्या प्रत्येक पावलाला राजीनामा देतात.

वाटेत पाणी पिशव्यांतून. कोपरा दाताने तोडायचा, अर्धं तोंडात, अर्धं बुटात. शिवाय मीठ लावलेले उकडलेले बटाटे. एकादशीला आल्यासारखं वाटलं. कडेला लोक खुर्च्या टाकून मांस भाजत बसलेले. नंबरावरचं नाव वाचून हाका मारतात आणि "मस्त दिसताय!" म्हणून धादांत खोटं बोलतात. इतक्या प्रेमाने खोटं बोलणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मला तारलं ते 'बस'ने. म्हणजे ठरावीक वेळेत पोचवणारा एक अनुभवी धावक झेंडा घेऊन पुढे, आणि मागे आम्ही पन्नास-साठ प्रवासी. ड्रायव्हर "चाला" म्हणाला की चालायचं, "पळा" म्हणाला की पळायचं. मधेच गाणीही म्हणायची. घरी कुणाचं इतकं निमूट ऐकलं असतं तर संसार सुखाचा झाला असता.

घाईचं कारण बारा तास. वेळ संपली की एक पदाधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो. रेषेपासून एक पाऊल मागे असलात तरी पदक नाही. आमची बस त्याआधी पोचली.

पदक दहाच्या नाण्याएवढं. सासूबाईंनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं. "दिवसभर पळवलं आणि एवढंच दिलं?"

म्हटलं, "पुढच्या वर्षी चढाचीही पुरी केली, तर ओळीने दोन केल्याचं आणखी एक मिळतं."

"मग जाऊन या," त्या म्हणाल्या. "तेवढेच कानातले होतील."