कंपनीचा धोंड्याचा महिना

आज दुपारी परभणीत बसस्टँडजवळ मी एका मोबाइलच्या दुकानातल्या पोराशी भांडलो. कारण काय, तर एका अनोळखी म्हातारीचं रिचार्ज. घरी आल्यावर बायको म्हणाली, "जगातल्या म्हाताऱ्यांची रिचार्जं तुम्हीच बघणार आहात का आता?" तिला उत्तर देता आलं नाही म्हणून इथं लिहायलोय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढं सरकावं.

मी चार्जरची वायर घ्यायला थांबलो होतो. म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. त्यातून फोन काढला, लेकानं वापरून दिलेला जुना फोरजी, काचेला आडवा तडा. म्हणाली, "बाबा, पुण्याला पोराला फोन लागंना. बोलण्यापुरतं टाक." बोलण्यापुरतं! याच्यापेक्षा स्वच्छ मराठी कोणती असती? पोरगा मान वर न करता म्हणाला, "आजी, रोज दोन जीबी, फाइव्ह जी अनलिमिटेड, ८४ दिवस. साडेआठशेच्या वर जातील. टाकू?"

माझं डोकं सरकलं. म्हटलं, अरे तिच्या हातातला फोन फोरजी आहे, फाइव्ह जी काय ती चहात घालून पिणार आहे का? तर म्हणतो, "काका, सगळे हाच मारायलेत." सगळे हाच मारायलेत! आपल्याकडं बियाणं असंच घेतात, औषध असंच फवारतात आणि आता रिचार्जही असंच. शेजाऱ्यानं कोणतं मारलं? मग मलाही तेच.

आता मला एवढा राग का आला, ते सांगतो. त्यासाठी माझ्या मायची गोष्ट सांगावी लागंल.

माय गावाकडं एकटीच राहते. जिंतूरवरून येलदरीकडं जाताना आमचं गाव. तिला फोन घेऊन दिला तेव्हापासून रिचार्ज मीच मारतो, इथं बसून, ॲपवरून. मायला तारखेचा हिशोब नाही, तिचा सगळा हिशोब तिथीवर. गेल्या श्रावणात शुद्ध एकादशीला मी रिचार्ज मारलं आणि फोनवर सांगितलं, "माय, महिनाभर बघायचं काम नाही." तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या एकादशीवर पेनानं फुली मारली. पुढच्या एकादशीपर्यंत फोन चालू, तिच्या लेखी विषय संपला.

भादव्यात महालक्ष्म्यांना आम्ही सगळे गावाकडं गेलो. ज्या दिवशी लक्ष्म्या उठवल्या त्याच दिवशी संध्याकाळी परत निघालो, दुसऱ्या दिवशी मला ड्युटी होती. त्या रात्री गाय अडली. मायनं जनावराच्या डॉक्टरला फोन लावला, तर बाई इंग्रजीत काहीतरी बोलायली. मला लावला, तीच बाई. रिचार्ज संपलं होतं. एकादशीला मारलेलं रिचार्ज नवमीला संपलं होतं, कारण कंपनीचा महिना २८ दिवसांचा. आपला चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो, हा त्याच्यापेक्षाही आखूड. चंद्राला जमलं नाही ते कंपनीला जमलं.

साठी उलटलेली बाई, भादव्यातला अंधार, सापाकिड्याचे दिवस, हातात बॅटरी. ओढ्यापलीकडच्या काकांच्या घरी चालत गेली. काकांनी मोटारसायकल काढून डॉक्टरला आणलं. गाय वाचली, वासरूही वाचलं. सकाळी मी सहज फोन केला, इनकमिंग चालू होतं अजून, तेव्हा हे सगळं कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लेका, एकादस तर उद्या हाय. कालच कसं काय संपलं?"

याचं उत्तर द्या मला कुणीतरी.

२८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १३ रिचार्जं बसतात. तेरा गुणिले अठ्ठावीस, ३६४. हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप आहेत. मी मायला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी त्यांचा धोंड्याचा महिना दरसाल येतो म्हण की!" पंचांगातला अधिक महिना अडीच-तीन वर्षांनी एकदा येतो, तेव्हा जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, ताट-वाटी देतात. ह्या जावयाला आपण दरवर्षी जेवू घालायलोत, तेही त्यानं न मागता, हात जोडून. आणि तीन महिन्यांचा म्हणून जो प्लॅन देतात तो ८४ दिवसांचा. त्याचं तर काय बोलावं.

बरं, यावर इलाज नाही असंही नाही, म्हणून तर जास्त चीड येते. ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक ३० दिवसांचा प्लॅन आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवलाच पाहिजे. आहेत ते प्लॅन. दुकानातल्या पाटीवर दिसतात का? ॲप उघडल्या उघडल्या दिसतात का? खाली, अजून खाली, बोट दुखेपर्यंत खाली जा, मग सापडतात.

आणि आता ती गोष्ट, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. त्या श्रावणात मी मायला रोज दीड जीबीचा २९९ चा मारला होता. त्याच्याच खाली ३१९ चा होता, तेवढ्याच डेट्याचा, पूर्ण महिन्याचा, तारीख ते तारीख. मी बघितला होता तो. वीस रुपये जास्त दिसले म्हणून २९९ वर बोट ठेवलं. नंतर वहीत मांडलं: २९९ ची तेरा रिचार्जं म्हणजे ३८८७, ३१९ ची बारा म्हणजे ३८२८. वीस रुपये वाचवायला गेलो आणि वर्षाचे ५९ वर गेले. पैशाचं सोडा. मायला अंधारात ओढा ओलांडायला लावला मी, वीस रुपयांसाठी. दुकानातल्या त्या पोरावर काढलेला निम्मा राग माझाच होता माझ्यावरचा, हे इथं लिहिताना कळायलंय.

असो.

त्यानंतर मी मायच्या फोनची सेटिंग उघडून महिन्याला खरंच किती डेटा जातो ते बघितलं. तुम्हीही बघा, सगळ्या फोनमध्ये डेटा वापराचा आकडा असतो. दीड जीबी रोजचा म्हणजे २८ दिवसांचा ४२ जीबी. मायनं वापरला होता ६. संध्याकाळी कीर्तन आणि रविवारी नातवंडांचा व्हिडिओ कॉल. कीर्तनाच्या व्हिडिओची क्वालिटी कमी करून ३६० वर ठेवली तर ते तासाला साधारण तीनशे-चारशे एमबीत होतं, आणि महाराजांचा आवाज तेवढाच येतो. त्या सहातलाही बराचसा डेटा व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणाऱ्या शुभ सकाळच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी खाल्ला होता. ते आपोआप उतरणं मी बंद केलं. बाकीच्या ३६ जीबीचं काय झालं? रात्री बाराला रोज बुडाला. पंगतीत ताट भरून वाढायचं आणि पहिला घास घेतला की उचलून न्यायचं, असला हा प्रकार. (व्होडाफोन आयडियाच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. बरं आहे, कबूल.)

उलट माझी भाची. लातूरला नीटची तयारी करायली. तिचा दीड जीबी दुपारी चारलाच खलास. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं, लेक्चर तर विसराच. चक्री फिरत राहते आणि पोरगी छताकडं बघत बसते. तिला दोन जीबीवालाच पाहिजे, आणि फोन फाइव्ह जीचा आहे, रूमवर रेंजही आहे, तर तिथं तो अनलिमिटेड फाइव्ह जी उपयोगाचा, कारण जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेलनं तो रोज दोन जीबी आणि त्यापुढच्या प्लॅनलाच ठेवला. तिथं काटकसर करणारा मामा मूर्ख. म्हणजे तोच प्लॅन एकीला औषध आणि दुसरीला लूट. एवढी साधी गोष्ट दुकानाच्या काउंटरवर कुणी विचारत नाही: फोन कोणता, घरात रेंज कुणाची, कशाला लागतो?

आजच्या म्हातारीला तर डेटाच नको होता. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना भाग पाडलं की नुसत्या बोलण्याचा आणि मेसेजचाही प्लॅन द्या. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. त्यातले ८४ दिवसांचे साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात. म्हणजे तिचे जवळजवळ निम्मे पैसे वाचत होते. मी पोराला म्हटलं, तो दाखव. तर म्हणे, "तो कुणी घेत नाही, काका." कुणी घेत नाही, कारण तू सांगत नाहीस!

लाडक्या बहिणीचे पंधराशे आले की त्यातले तीनशे फोनला. पाचवा हिस्सा. आणि नाही भरले तर? आधी जाणारे कॉल बंद, काही दिवसांनी येणारेही बंद, आणि मग त्याच योजनेच्या केवायसीचा ओटीपी यायचा कुठं? बँकेचा ओटीपी, गॅसचा, पीक विम्याचा. ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवर आली, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोन ही चैन आहे म्हणणारी काही शहाणी माणसं माझ्या यादीत आहेत. त्यांनी एकदा रिचार्ज संपलेला फोन घेऊन सेतू केंद्रावर रांगेत उभं राहून दाखवावं.

हो, मला माहीत आहे, आता कुणीतरी लिहील की २०१६ च्या सप्टेंबरात जिओ येण्याआधी एक जीबीला अडीचशे मोजत होतास ते विसरलास का. नाही विसरलो. तो एक जीबी महिनाभर कंजुषासारखा पुरवायचो. स्वस्ताई आली हे खरं. म्हणून दिवस चोरायचे?

वार्षिक का मारत नाही, असंही कुणी विचारंल. बरोबर आहे, ३६५ दिवसांचा मारला की एकादशीची भानगडच नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा एकदम येतो, मोंढ्यात सोयाबीन घातली की त्याच दिवशी घरातल्या एका फोनचं वर्षाचं उरकून टाकणं शहाणपणाचं. मी मायला ते करणारही होतो. पण २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं ज्यांची सोयाबीन शेंगेसकट सडवली, त्यांना साडेतीन हजार एकदम काढ म्हणायची माझी जीभ रेटत नाही. त्यांना दर महिन्याचंच परवडतं, आणि दर महिन्याचंच सगळ्यात महाग पडतं.

पोर्ट करा, हा एक सल्ला सगळे देतात. २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येते, १९०० ला मेसेज टाकला की कोड येतो, सोपं आहे. आमच्या ऑफिसातल्या एकानं स्वस्ताच्या नादात घरातले चारही नंबर एका दमात फिरवले. परभणीत फोन झकास. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. आता त्याच्या वडिलांना जावयाशी बोलायचं तर टाकीवर चढावं लागतं. म्हणून बाबांनो, आधी ज्याच्याकडं त्या कंपनीचं सिम आहे अशा कुणाला तरी गावाकडं न्या, माजघरात उभं करा, विहिरीच्या मोटारीपाशी उभं करा, गोठ्यात उभं करा. तीन ठिकाणी आवाज आला तर पुढचं बोला. मायच्या गोठ्यात एकाच कंपनीची रेंज येते, म्हणून मला चिडूनसुद्धा त्याच कंपनीकडं राहावं लागतं.

त्या पोराबद्दल जरा कडक लिहिलं वाटतं. विशीतला असंल. दिवसभर काउंटरवर उभा, एका रिचार्जमागं त्याला फार काही सुटत नाही, मालक वरून ओरडणार. शेवटी तोही म्हणाला, "काका, तुम्हाला एवढं कळतं तर तुम्हीच भरा की तिचं." तिथं मी जास्तच तापलो.

मायचं रिचार्ज आता ३१९ चं, तारीख ते तारीख. ती तारीख कालनिर्णयावर मीच लाल पेनानं मोठी लिहून आलोय आणि तिनं शेजारी त्या दिवशीची तिथी लिहिली, तुझ्या आकड्याचा भरवसा नाही म्हणून.

आत्ता रात्री तिला फोन करून दुकानातली सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं शाबासकी देईल. तिनं विचारलं, "मंग त्या म्हातारीनं शेवटी कितीचं मारलं?"

मला माहीत नव्हतं. मी वायर घेऊन तावातावात निघून आलो होतो.

"म्हंजी नुसता भांडून आलास," माय म्हणाली, आणि कीर्तन लागलंय म्हणून फोन ठेवला.