लारी ढकलणारा हात आणि अडवणारा रस्ता

नववीच्या पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘न्यूटनचं सूत्र रस्त्यावर खोटं ठरतं.’ बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत तिघांनी तो दाखवला. एकीने तर त्यावर विसंबून गृहपाठातलं बरोबर उत्तर खोडलं. सूत्र म्हणजे बल = वस्तुमान × त्वरण, आणि त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

मेसेज म्हणतो, भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, ढकलली तरच चालते, सोडली की थांबते. म्हणजे बलाने वेग मिळतो, त्वरण नाही. ॲरिस्टॉटललाही असंच वाटे, आणि ते खोडायला गॅलिलिओ आणि मग १६८७ साली न्यूटन यावा लागला. पण सकाळी खंडेराव मार्केटबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा. लारीवाला आधी अख्खं अंग झुकवून रेटा देतो आणि चाकं पळू लागली की हात सैल सोडतो. वेग आल्यावर जोर कमी लागतो!

समजा, मालासकट लारी १५० किलो आणि रस्त्याचा विरोध, म्हणजे घर्षण वगैरे धरून, ४५ न्यूटन (न्यूटन हे बलाचं एककही आहे). तो ७५ न्यूटनने ढकलतो तेव्हा उरतात ३०. ३० भागिले १५०, त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाच सेकंदांत लारी सेकंदाला एक मीटर चालू लागली. आता त्याने जोर ४५ वर आणला. उरलं शून्य, त्वरण शून्य, आणि लारी त्याच वेगाने चालतेय. हात काढला तर विरोध एकटा उरतो, त्वरण उलट दिशेने ०.३. तरी ती सव्वातीन सेकंद चालते आणि दीड मीटरच्या पुढे जाऊन थांबते. चाकांना ग्रीस घातलं असेल तर आणखी लांब.

दुसरा मुद्दा: ‘४५ भागिले १५० केलं तर ०.३ येतं, पण लारीचा वेग वाढत नाही, म्हणजे सूत्र चूक.’ इथेच सगळी मेख आहे. सूत्रात नुसतं हाताचं बल घालायचंच नसतं. वस्तूवरच्या सगळ्या बलांची दिशा धरून केलेली बेरीज घालायची असते. आमच्याकडची गुजराती माध्यमाची मुलं त्वरणाला प्रवेग म्हणतात. शब्द कोणताही चालेल, पण मी आधी वहीत लारीचा चौकोन आणि चार बाण काढून घेते: पुढे हात, मागे रस्त्याचा विरोध, खाली वजन, वर रस्त्याचा आधार. उभे दोन एकमेकांना खातात. आडव्यांची वजाबाकी झाल्याशिवाय भागाकार नाही.

‘क्रिया-प्रतिक्रिया समान असतात, मग काहीच हलायला नको’ हाही एक मुद्दा आहे. ती दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. हात लारीला ढकलतो, लारी हाताला. लारीच्या हिशेबात फक्त लारीवरचं बल येतं.

शेवटी लिफ्ट. म्हणे वर जाताना वजन सतत जास्त भरतं. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी घरचा वजनकाटा ठेवून उभी राहिले. माझं वजन ६० किलो. निघताना काटा ६३ च्या आसपास गेला, मधले मजले सरकत असताना ६० वर स्थिर होता. सहावा मजला जवळ आला तसा तो ५७ पर्यंत उतरला, आणि लिफ्ट तर अजून वरच चालली होती.