बेळगावच्या बाजारातला कोबी चीनहून येत नाही

शहापूरला राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यात कोबीचा एक गड्डा कचऱ्यात टाकला. तो तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, कडोलीच्या आमच्या शेतातून पाठवला होता. तिला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला होता आणि त्याखाली असा मजकूर होता: चीनमध्ये प्लास्टिकचा कोबी तयार होतो, तो गोव्याच्या बंदरात उतरून बेळगावच्या बाजारात येतो आणि त्याचे पान जाळले तर प्लास्टिकसारखे वितळते. आमच्या भागात हा मजकूर घरोघरी पोहोचला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

व्हिडिओ खरा आहे, पण तो चीनचा नाही आणि त्यातली वस्तू खाण्याचीही नाही. जपानमध्ये उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडतात. गिफू प्रांतातले गुजो हाचिमान हे या कारागिरीचे माहेर असून, तिथे जन्मलेल्या ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाकामध्ये हा व्यवसाय सुरू केला. कोमट पाण्यावर वितळलेले पांढरे आणि हिरवे मेण ओतून त्याचा पातळ पापुद्रा ओढतात, तो गुंडाळून गड्डा वळतात आणि मधोमध कापून पानांचे पदर दाखवतात. आत्याने पाहिले ते नेमके हेच.

गोव्याच्या बंदराचा दावा मात्र मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण तो आमच्याच शेतकऱ्यांच्या पोटावर येतो. बेळगाव आणि गोवा यांच्यातली भाजीची वाट कोणत्या दिशेने चालते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बेळगाव तालुक्यातली भाजी चोर्ला घाटाने गोव्याला उतरते, आणि गोव्याचे फलोत्पादन महामंडळसुद्धा बेळगावातून भाजी घेऊन तिथे सवलतीच्या दराने विकते. कोबीच्या उत्पादनात भारत चीनखालोखाल जगात दुसरा असून आपल्याकडे वर्षाला ९० लाख टनांहून अधिक कोबी पिकतो. आवक वाढली की काढणीची मजुरी आणि गाडीभाडेसुद्धा सुटत नाही, मग उभ्या पिकात रोटावेटर फिरवून ते मातीत गाडावे लागते; माझ्या वडिलांवर ही वेळ आलेली मी पाहिली आहे. ज्या भाजीला इथे भाव मिळत नाही, तिची एकेक प्रत हाताने वळून, समुद्रापार आणून कोणी विकेल, हे पटतेच कसे?

चीन कोबी निर्यात करतो, हे खरे. दक्षिण कोरिया, जपान, मलेशिया ही त्याची गिऱ्हाइके आहेत. भारतात मात्र ताजी भाजी आणायची तर वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश, २००३ प्रमाणे आधी आयात परवाना आणि सोबत निर्यातदार देशाचे रोगकीडमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. चिनी लसूण बंदी असूनही चोरट्या मार्गाने येतो, एवढे मान्य करावे लागेल. पण लसूण महिनोन्‌महिने टिकतो आणि त्याला भाव असतो. कोबीचे तसे नाही.

पान जाळण्याच्या प्रयोगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे पान पेटत नाही, आक्रसते. आणि त्यावरचा नैसर्गिक मेणाचा थर पाणी ठरू देत नाही, म्हणून ते प्लास्टिकसारखे भासते.

काळजी करायची असेल तर ती औषधांची करावी. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीसाठी कोबीवर वारंवार फवारणी होते, हे मी शेतकऱ्याचा मुलगा असूनही नाकारत नाही. बाहेरची पाने काढून बाकीची वाहत्या पाण्याखाली धुवावीत. आत्याने तर आपल्या भावाला फोन करून शेवटची फवारणी कशाची आणि काढणीच्या किती दिवस आधी झाली, एवढेच विचारावे. वडिलांच्या वहीत ती तारीख लिहिलेली आहे.