समुद्र दिसणारं झाकण

आज सकाळी मेसेज आला. सुट्टीत तीन दिवस भाड्याने घेतलेल्या फ्लॅटच्या डिपॉझिटमधून कमोडच्या झाकणाचे पैसे कापलेत. झाकणाला तडा गेलाय हे खरं. पण तो कुणाच्या पायाने गेला, हे सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

फ्लॅटबद्दल फार बोलत नाही. फोटोतला हॉल क्रिकेट खेळण्याजोगा. प्रत्यक्षात सोफ्यावर पाय पसरले की ते स्वयंपाकघरात जात. 'सी व्ह्यू' म्हणून बाल्कनीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसे. निळी होती, एवढंच. गीझर ३ लिटरचा आणि बादली १८ लिटरची. हे गणित मालकांना फोनवर घातलं, तर म्हणाले, "केअरटेकरला पाठवतो."

काका आले. हातात ना पाना, ना पकड. गीझरकडे ढुंकूनही न बघता सोफ्यावर बसले.

"फोटो बघूनच आलात ना?"

"हो. तीच तर तक्रार आहे."

"मीच काढलेत," काका लाजले. खरोखर लाजले!

मग शिकवणीच सुरू झाली. "मोबाइलच्या कॅमेऱ्यात पॉइंट फाइव्ह असतं बघा साहेब, रुंद फोटोसाठी. एका दमात १२० अंश घेतं. कडेला येईल ते ताणलं जातं. म्हणून सोफा मुद्दाम कडेला घेतला. दोघांचा आहे, पण तिघांचा दिसतो की नाही?"

दिसत होता.

"आता मी कुठं उभा होतो, ओळखा."

मी दार म्हणालो, बाल्कनी म्हणालो. काकांची मान नकारार्थी हलत राहिली.

"फ्रिजच्या जागेवर! फ्रिज जिन्यात ठेवला होता."

म्हणजे जी मोकळी जागा बघून मी आगाऊ पैसे भरले, तिच्यातला काही भाग फ्रिजच्या मालकीचा होता.

"आणि समुद्र?" मी आवाज चढवला.

काका उठले, बाथरूममध्ये गेले, कमोडचं झाकण पाडून त्यावर चढले आणि व्हेंटिलेटरची एक काच सरकवली. "या, या!" तेवढ्यात पायाखाली कट्‌ झालं. "काही नाही हो, प्लास्टिक बोलतं," असं म्हणून उतरले.

मग मीही चढलो. पण तडा आधीच गेला होता, हे नोंदवून ठेवा. समुद्र दिसतो. दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधे, अंगठ्याच्या नखाएवढा.

गीझर? "पहिले ३ लिटर कडकडीत येतात ना? मग!"

सफाईचे पैसे वेगळे घेतात, ते कशाचे हेही कळलं नाही. फ्रिजवर फर्मान चिकटवलेलं: जाताना भांडी घासा, कचरा खाली न्या, चादरी काढून ठेवा. मी सगळं केलं. फरशीही पुसली, ती का पुसली, कुणास ठाऊक. वर पाच स्टार दिले, कारण तेही आपल्याला स्टार देतात आणि पुढच्या सुट्टीत कुणी दारात उभं करायला हवं ना!

त्यांनी मला तीन दिले. 'गेस्ट चौकस आहेत.'

मेसेजसोबत पुरावा म्हणून झाकणाचा फोटोही आलाय. बोटभर तडा अगदी कडेला घेतलाय. हातभर दिसतोय.